मेंढरं दिली, रान कुठंय?

मेंढपाळाला सरकारनं पैसे द्यावेत का, हा प्रश्न माणदेशात सहसा कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की यादी कधी लागणार. खाली बोलणारे दोघं मात्र पहिल्याच प्रश्नावर अडलेत. एक आहेत पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. त्यांची उभी नोकरी दुष्काळी पट्ट्यात मेंढरांना लसी टोचण्यात आणि योजनांचे प्रस्ताव तपासण्यात गेली. दुसरी आहे तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारी धनगराची लेक. तिचा भाऊ आजही दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता तळ, घेऊन कोकणात उतरतो. डॉक्टर तिच्या वडिलांचे जुने स्नेही, त्यामुळे भांडणाला दोघांनाही मोकळीक आहे. संवाद रचलेला आहे. त्यातल्या योजना, कायदे आणि आकडे खरे आहेत.

डॉक्टर : मी आडवळणानं बोलत नाही, वकीलबाई. मेंढरं विकत घ्यायला अनुदान देणं बंद करावं.

वकील : काका, आयुष्यभर तुम्हीच तर ती वाटलीत!

डॉक्टर : म्हणून तर सांगतो. २०१७ साली राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आली. भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गातल्या मेंढपाळाला वीस मेंढ्या आणि एक मेंढा, ७५ टक्के अनुदानावर. कागदावर बघशील तर खोट काढायला जागा नाही. पण वाटपाच्या दिवशी माळावर काय चालतं ते तुझ्या कोर्टाच्या कागदात येत नाही.

वकील : मग तुम्ही सांगा.

डॉक्टर : मेंढी धरायची, खालचा ओठ दाबायचा आणि दात बघायचे. मेंढीला वर पुढचे दात नसतातच, खालीच आठ असतात. मधली दुधाची जोडी पडून पक्की आली की ती दुदाती, वय सव्वा-दीड वर्ष. मग साधारण वर्षाला एक जोडी. चौथी जोडी आली की तोंड भरलं, मेंढी चारेक वर्षांची झाली. त्यानंतर दात लांबतात, फाकतात, मग पडायला लागतात. दात गेलेली मेंढी आखूड गवत तोडू शकत नाही. ती एखादं वेत देईल, नाहीतर तेही नाही. आता व्यापाऱ्याची गाडी आली. पुढं काढलेल्या पाच दुदाती, अंगानं भरलेल्या. मागच्यांचे ओठ दाबले की दातांत फटी. मी म्हणतो, ह्या परत कर. लाभार्थीच माझा हात धरतो, “राहू द्या साहेब, ही गाडी परत गेली तर दुसरी कधी यायची?” कानात बिल्ला ठोकला, लाभार्थ्याचा मेंढीसकट फोटो काढला, प्रकरण पूर्ण. सरकारच्या लेखी एकवीस जनावरं वाढली.

वकील : हा खरेदीतला दोष झाला. पैसे मेंढपाळाच्या खात्यावर टाका, मेंढी त्याला निवडू द्या. माझा भाऊ अंधारात नुसतं तोंड चाचपून वय सांगतो. त्याला कोण फसवणार?

डॉक्टर : तुझ्या भावाला नाही फसवणार. तुझा भाऊच फसवेल. स्वतःच्या कळपातल्या वीस मेंढ्या मेव्हण्याच्या नावानं उभ्या करील, विक्रीची पावती करील आणि संध्याकाळी त्याच मेंढ्या परत आपल्या वाघरीत कोंडील. चिडू नकोस. तेलंगणाचं उदाहरण समोर आहे. तिथंही २०१७ च्या जूनमध्ये अशीच योजना निघाली. तीच वीस अधिक एक, तेच ७५ टक्के. एका गटाची किंमत सव्वा लाख धरली, त्यात लाभार्थ्यानं भरायचे ३१,२५० रुपये. गोल्ला-कुरुमा मेंढपाळांसाठी हजारो कोटी खर्चाची योजना. मेंढ्या आजूबाजूच्या राज्यांतून आणायच्या होत्या, आपल्याकडूनही गेल्या. पुढं कॅगच्या अहवालात निघालं, की वाहतुकीच्या बिलांवर मेंढ्या नेणाऱ्या गाड्यांचे म्हणून जे नंबर होते त्यांत दुचाक्या होत्या, रुग्णवाहिकाही होत्या. लाचलुचपत खात्यानं गुन्हे दाखल केले, अधिकारी अटकेत गेले. जिथं डोकं मोजून पैसे मिळतात तिथं डोकी कागदावर आधी वाढतात.

वकील : तेलंगणात मेंढ्या खऱ्याही वाढल्या, काका. २०१२ च्या पशुगणनेत १२८ लाख होत्या, २०१९ मध्ये १९१ लाख. देशात पहिला नंबर. चोरी झाली म्हणून योजनाच वाईट, असं धरलं तर धरणं, रस्ते, शाळा सगळंच बंद करावं लागेल.

डॉक्टर : बरं, चोरी सोड. एकही मेंढी खोटी नाही असं धरू. तरी माझा आक्षेप कायम राहतो. मेंढरं वाढली, रान वाढलं का?

वकील : त्या प्रश्नाकडं मी येणारच आहे, आणि तो तुमच्यापेक्षा माझा जास्त आहे. आधी एक हिशोब मिटवू. सरकार कुणाकुणाला पैसे देतं? २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागं पाच रुपये दिले, पुढं सात केले. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तिचा खरा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे आणि तो फरक केंद्र भरतं. त्याच शेतात माझा भाऊ रात्री मेंढरं बसवतो. शंभर-सव्वाशे मेंढरांचं लेंडीखत आणि मूत एका रात्रीत रानात पडतं, तेही वाहून न नेता. त्याबद्दल शेतकरी धान्य देतो, थोडेफार रोख देतो. सरकार काय देतं? गोणीतल्या खताला पैसे आणि कळपातल्या खताला शून्य. मग मेंढपाळानं हात पसरला की त्याला सवय लागेल, तो आळशी होईल, हे आम्हालाच का ऐकवायचं?

डॉक्टर : आळशी म्हटलं नाही मी. मेंढपाळ आळशी असता तर त्याची मेंढरं आठवडाभरही जगली नसती. माझं म्हणणं अनुदानाच्या स्वभावाबद्दल आहे. न्यूझीलंड बघ. तिथं १९७८ पासून किमान भावाची हमी होती. बाजारभाव ठरलेल्या पातळीखाली गेला की फरक सरकार भरणार. शिवाय खताला सवलत, कर्जाला सवलत. माणसं बत्तीस लाखांच्या आसपास आणि १९८२ साली मेंढ्या सात कोटींच्या वर. मेंढी-गोमांस शेतकऱ्याच्या ढोबळ उत्पन्नातला जवळपास ४० टक्के वाटा सरकारी मदतीचा होता. जी जमीन मेंढीलायक नव्हती तीसुद्धा झाडं तोडून मेंढ्यांखाली आली. मटण एवढं साचलं की विकलं न गेलेलं कारखान्यात घालून चरबी आणि खत करायची पाळी आली.

वकील : आणि १९८४ मध्ये सगळं बंद.

डॉक्टर : लाँगे यांचं सरकार आलं, रॉजर डग्लस अर्थमंत्री झाले, आणि हमी, सवलती सगळ्या काढायला सुरुवात झाली. बोललं जात होतं की शेकडा दहा शेतकरी, म्हणजे आठेक हजार, जमीन सोडून जातील. प्रत्यक्षात शेकडा एकाच्या आसपास उठले. आज तिथल्या मेंढ्या अडीच कोटींच्याही खाली आल्यात, पण मांस त्या प्रमाणात घटलेलं नाही. का? दर शंभर मेंढ्यांमागं कोकरं जास्त जगतात, आणि कोकरू पूर्वीपेक्षा कितीतरी वजनदार होऊन विकलं जातं. सरकारनं डोकी मोजणं थांबवलं, तेव्हा शेतकऱ्यानं वजन मोजायला घेतलं.

वकील : सांगितलंत छान, काका. पण उलटतपासणी होऊ द्या. न्यूझीलंडच्या शेतकऱ्याच्या नावावर जमीन होती?

डॉक्टर : होती. शेकडो एकर.

वकील : तिला कुंपण होतं?

डॉक्टर : होतं.

वकील : मांस विकायला परदेशी बाजार, कत्तलखाने, बोटी, शीतगृहं?

डॉक्टर : शंभर वर्षांपासून.

वकील : आणि अनुदान काढलं त्याच १९८४ च्या जुलैत त्यांच्या चलनाचं २० टक्के अवमूल्यन झालं, म्हणजे निर्यातदाराला दर डॉलरमागं जास्त पैसे. सरकारी रुरल बँकेनं बुडत्यांची कर्जं कमी करून बांधून दिली. जाणाऱ्यांना निरोपाची रक्कमही दिली. एवढी तजवीज केल्यावर शेकडा एक उठला. माझ्या भावाच्या नावावर दीड एकर कोरडवाहू, एक घोडी आणि वाघरीचं जाळं आहे. त्याच्या पायाखालचं काढायचं म्हणता, पण तो कशावर उभा आहे ते आधी बघा.

डॉक्टर : मान्य. जमीन असलेल्याला सुधारायला जागा असते. पण मग आयर्लंडचं उदाहरण तुला टाळता येणार नाही, कारण तिथली गोष्ट सामायिक रानाची आहे. पश्चिमेकडं मेयो, गॉलवेच्या डोंगरांत कॉमनेज म्हणून रानं आहेत. गावातल्या अनेक घरांचा मिळून चराईचा हक्क. १९८० मध्ये युरोपीय समुदायाचं मेंढीमांसाचं धोरण लागू झालं, आणि मेंढीमागं प्रीमियम सुरू झाला. तेव्हा देशात मेंढ्या ३३ लाखांच्या घरात होत्या, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ८९ लाख झाल्या! डोंगर तेवढाच. दलदलीच्या मऊ मातीवरचं हेदर नावाचं झुडूप मेंढ्यांनी मुळापर्यंत खाल्लं, माती उघडी पडली, पावसानं ओढ्यात आली, माशांची पैदास बिघडली. नेफिन बेगच्या डोंगरात रेड ग्राउस हा पक्षी त्या झुडपावर जगतो, त्याचं रान गेलं. शेवटी २००२ मध्ये युरोपीय न्यायालयानं आयर्लंडला दोषी धरलं. ज्या मेंढ्या पैसे देऊन वाढवल्या, त्याच पुन्हा पैसे देऊन कमी कराव्या लागल्या. बोल आता.

वकील : बोलते. आयर्लंडमध्ये डोंगर तोच राहिला आणि मेंढ्या अडीच पटींहून जास्त झाल्या. आपल्याकडं? महाराष्ट्रात २०१२ मध्ये जवळपास २६ लाख मेंढ्या होत्या, २०१९ मध्ये जवळपास २७ लाख. म्हणजे मेंढरं होती तिथंच आहेत. आटलं ते रान. गायरानावर अतिक्रमण झालं, कुठं सरकारी इमारत आली, कुठं प्रकल्प. टेकाडांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांचे रस्ते झाले. वनखात्याच्या जमिनीवर चर खणून रोपं लावली आणि चराई बंद. दोन्ही देशांत मेंढ्यांना रान पुरत नाही हे खरं, पण तिथला इलाज इथं लावता येणार नाही. तिथं मेंढी कमी करायची होती. इथं रान परत मिळवायचं आहे.

डॉक्टर : म्हणजे माझंच म्हणणं तू मांडतेस! रान नसताना आणखी वीस मेंढ्या देणं चूक.

वकील : चूक आहेच, पण अर्धी. तुम्ही म्हणता, मेंढ्यांचे पैसे बंद करा, आणि तिथं थांबता. मी म्हणते, तेच पैसे रानाकडं वळवा. तुम्ही थांबलात की वित्त विभाग टाळ्या वाजवतो आणि माझ्या भावाच्या हाती काही उरत नाही.

डॉक्टर : रानाकडं वळवा म्हणजे काय? वनखात्याची रोपं मेंढरांना चारायची? मी डोळ्यांनी बघितलंय, एका सकाळी कळप शिरला की दोन वर्षांची लागवड साफ. वनरक्षकानं मेंढरं अडवली तर त्याचा दोष नाही.

वकील : रोपं लावली तिथं चराई नको, मीसुद्धा म्हणते. पण सगळं रान एकदम बंद कशाला? आळीपाळीनं उघडा. आणि आपलं माळरान म्हणजे काही उजाड झालेलं जंगल नव्हे. माळढोक, तणमोर, लांडगा ही जनावरं गवतातच राहतात. तिथं खड्डे काढून झाडं लावली की मेंढीही गेली आणि माळढोकही गेला. दुसरं, हे मी मेहेरबानी म्हणून मागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(घ) वाचा. चराईचा हक्क, स्थायिकांचा आणि फिरत्यांचाही, भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापर, हे शब्दशः त्यात आहे.

डॉक्टर : धनगर अनुसूचित जमातीत नाहीत. मग तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा लागतो ना?

वकील : लागतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा. आणि दावा ग्रामसभेपुढं जातो. आता भावाची वाट माणमधून निघते, घाट उतरते, कोकणातल्या दहा-वीस गावांतून जाऊन परत येते. कुठल्या ग्रामसभेत बसायचं? नियमांत याचंही उत्तर आहे. पशुपालक आणि भटके जेव्हा हजर असतील तेव्हाच त्यांच्या दाव्याची पडताळणी करावी असं लिहिलंय. पण हजर कधी असतील हे विचारायला कोण येतं? आणि गायरानांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सांगून ठेवलंय की गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. निकाल आहे, कायदा आहे, नियम आहे. मेंढीला मात्र कागद चरता येत नाही.

डॉक्टर : हे तू कोर्टात म्हण. मी अनुदानाच्या विषयावर परत येतो. त्या महामेष योजनेतलाच एक भाग मला पटतो, आणि गंमत म्हणजे त्याचीच चर्चा सगळ्यांत कमी होते.

वकील : चराई अनुदान?

डॉक्टर : तेच. जून ते सप्टेंबर, चार महिने, महिन्याला सहा हजार, एकूण २४ हजार रुपये. किमान वीस मेंढ्या आणि एक मेंढा असलेल्या फिरत्या कुटुंबाला. पावसाळा का, ते तुला सांगायला नको.

वकील : वाचणाऱ्याला सांगावं लागेल. कोकणात त्या पावसात मेंढरू टिकत नाही, खुरं सडतात, म्हणून वाडे परत दुष्काळी मुलखात येतात. इथं शेतात पिकं उभी, धसकट चारायची सोय नाही. टेकाडांवर हिरवं दिसतं ते चराईबंद. वर्षातले हेच चार महिने मेंढपाळ सगळ्या बाजूंनी कोंडलेला असतो.

डॉक्टर : आता हिशोब बघ. चार महिन्यांचे १२२ दिवस. २४ हजार म्हणजे दिवसाला १९७ रुपये. वीस मेंढ्या असतील तर मेंढीमागं दहाला थोडे कमी. सव्वाशे असतील तर दीड-पावणेदोन रुपये. विकतच्या चाऱ्याला हे पैसे कुठं पुरणार? पण एक गोष्ट लक्षात घे. वीस असोत की दोनशे, रक्कम तीच. त्यामुळं पैशांसाठी मेंढरं वाढवायचं कारणच उरत नाही. मेव्हण्याच्या वीस मेंढ्या उसन्या आणूनही एक पैसा जास्त मिळत नाही. आणि लहान कळपाला जास्त आधार मिळतो. एकाच योजनेत दोन उलट्या स्वभावाची अनुदानं बसलीत. एक डोकी मोजतं, दुसरं कुटुंब आणि हंगाम.

वकील : हे मला असं सुचलं नव्हतं. पण त्यातही एक खोच आहे. वीसची अट. ज्याच्याकडं बारा उरल्यात त्याला काहीच नाही.

डॉक्टर : त्याच्यासाठी वीस अधिक एक, असं म्हणशील.

वकील : म्हणणारच. डिसेंबर २०२१ आठवा. अवकाळी पाऊस आणि बोचरा वारा, पुणे-नगरच्या पट्ट्यात हजारो मेंढ्या एक-दोन दिवसांत गारठून गेल्या. उघड्या रानात मुक्काम, कातरलेली अंगं, पोटाशी कोकरं. सकाळी उठून बघतो तर ओळीनं आडव्या. त्या माणसाला तुम्ही न्यूझीलंडची गोष्ट सांगणार?

डॉक्टर : नाही. तिथं माझं म्हणणं मागं घेतो. मेलेली मेंढी भरून देणं वेगळं आणि नसलेली वाढवणं वेगळं. रोग, लांडगा, वीज, अवकाळी, ज्याचा कळप गेला त्याला मेंढ्या द्या, ७५ काय, शंभर टक्के द्या. पंचनामा दाखव आणि मेंढी घे. फक्त निवडणुकीआधी नवे लाभार्थी हवेत म्हणून वाटू नका.

वकील : लिहून घेतलं. आता केंद्राच्या योजनेचं बोला. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून शेळी-मेंढी पैदास केंद्राला ५० टक्के भांडवली अनुदान आहे. शंभर माद्या आणि पाच नरांना दहा लाख, पाचशे आणि पंचवीसला पन्नास लाखांपर्यंत. प्रकल्प अहवाल, जागा, बँकेचं कर्ज किंवा पदरचे पैसे. माझ्या भावाकडं शंभरावर मेंढ्या आहेत, पण त्याला ही योजना नाही. जो कधी मेंढीच्या मागं चार पावलं चालला नाही, पण ज्याच्याकडं सातबारा आहे, त्याला आहे.

डॉक्टर : ती उद्योजकांसाठी आहे. बंदिस्त पालनही लागतं, पैदाशीचे चांगले मेंढे कुठून तरी यायला हवेत. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनं काय केलं बघ. सुंदरबनातली गरोळ नावाची बुटकी मेंढी, तिच्यात जुळी कोकरं देणारं जनुक असतं. ते त्यांनी आपल्या दख्खनीत आणलं आणि नारी सुवर्णा तयार केली. मजा अशी, की हेच जनुक आधी ऑस्ट्रेलियात बुरुला मेरिनोत सापडलं होतं, आणि माग काढला तर ते १७९० च्या दशकात बंगालमधून तिकडं गेलेल्या मेंढ्यांचं निघालं. मेंढ्यांची संख्या न वाढवता कोकरं वाढतात. माझ्या मते सरकारी पैसा लागावा तो इथं.

वकील : वाड्यावरच्या मेंढीला दोन कोकरं झाली तर दूध कुठून आणायचं, काका? ती दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालते. एक कोकरू जगवतानाच तिची हाडं वर येतात. दुसऱ्याला घोडीवर टोपलीत घालून न्यायचं आणि शेळीचं दूध पाजायचं, ते काम वहिनी करते. ते कुठल्या प्रकल्प अहवालात धरलंय?

डॉक्टर : खरंय. म्हणून तर तिथंही रान आणि खुराक लागतो. फिरून फिरून तिथंच येतोय आपण.

वकील : येऊ द्या. मग मला सांगा, डोकी मोजायची नाहीत तर काय मोजायचं? सरकारला काहीतरी मोजल्याशिवाय पैसे सोडता येत नाहीत. मेंढी मोजायला सोपी, कानात बिल्ला असतो. मी म्हणते, रात्री मोजा. शेतात जेवढ्या रात्री मेंढरं बसवली, तेवढ्या रात्रींचे पैसे. खत म्हणून, सेवेचा मोबदला म्हणून. युरियावर होणाऱ्या खर्चातला कणभर तुकडा पुरेल.

डॉक्टर : कल्पना गोड आहे, पण अंमलात येताना आंबेल. रात्री अकराला रानात मोजायला कोण जाणार? शेतकरी आणि मेंढपाळ दोघं मिळून सह्या करतील आणि मेंढरं तिसऱ्याच शिवारात झोपलेली असतील. त्यापेक्षा आयर्लंडनं पुढं जे केलं ते बघ. २०१७ मध्ये मेंढी-कल्याण योजना आणली, मेंढीमागं दहा युरो. पण ठरलेली कामं केली तरच. खुरांची निगा, खनिज पुरवठा, लेंडी तपासून जंतांचा इलाज, अशांतली. आणि संख्या धरायची ती मागच्या वर्षांची, म्हणजे पैशासाठी आज मेंढ्या वाढवून उपयोग नाही.

वकील : आपल्याकडं त्याचं रूप काय?

डॉक्टर : पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआर, देवी, वर्षातून दोनदा जंतनाशक. ज्या वाड्यानं हे वेळेवर केलं त्याला चराई अनुदानावर भर. नोंद आपोआप होते, कारण लस टोचणारा सरकारचाच. फक्त एक अट माझ्या खात्यावर. वाडा दवाखान्यात येणार नाही, दवाखाना वाड्याकडं गेला पाहिजे. १९६२ या नंबरला फोन केल्यावर फिरतं पथक येतं, पण ते तालुक्याच्या हद्दीत विचार करतं आणि वाडा हद्दी ओलांडत राहतो. पथकानं वाड्याची वाट धरावी.

वकील : चला, आता लिहिण्याजोगं काही झालं. मी निवेदन करते. एक, फिरत्या कुटुंबाचं चराई अनुदान वाढवा, वीसची अट सैल करा, आणि ते जूनमध्ये द्या. पाऊस सरल्यावर जमा झालेल्या पैशानं जुलैची मेंढी जगत नाही. दोन, मेंढ्या द्यायच्या त्या कळप गेलेल्याला, भरपाई म्हणून. तीन, लसीकरणाला जोडून वरची रक्कम. चार, चराईचे दावे आणि मोकळी गायरानं, वाड्याच्या वाटेवरच्या गावांची मिळून एक यादी. तुम्ही सही कराल?

डॉक्टर : करीन, पण चराई अनुदानाला मुदत घाल. दहा वर्षं म्हण. मुदत नसली की मेंढपाळ पैशावर खूश राहतो, सरकारही पैसे देऊन मोकळं होतं आणि रानाचा विषय दोघांच्या डोक्यातून जातो. न्यूझीलंडमध्येही तिजोरी रिकामी होईपर्यंत कुणाला जाग आली नव्हती.

वकील : मुदत घालते, पण वर्षांची नाही. वाटेवरच्या चराईच्या दाव्यांचा निकाल लागेपर्यंत अनुदान चालू.

डॉक्टर : म्हणजे जन्मभर.

वकील : ते सरकारनं ठरवायचं. दावे रखडले की त्याचे पैसे जातील, निकाली निघाले की वाचतील. तिजोरीला झळ लागली की सरकार हलतं, हे तुम्हीच सांगितलंत. मी फक्त ती झळ कुठं लागावी ते लिहितेय. पेन घ्या.